तेरा नंबरचा ओढा

ओढ्यात उतरण्याआधी आम्ही बूट धुतो.
बादलीत क्लोरीन, दहा मिनिटं, घड्याळ लावून.
गावातले हसतात: चिखलात जाताना कुणी बूट धुतं का?
डॉक्टर नुबिया म्हणतात, ती बुरशी
आपल्याच तळव्यांना चिकटून वर आली असेल, कुणी सांगावं.
आली, आणि आधी चार ओढे गप्प झाले.
मग सात.

मी विल्मर चिलिकिंगा.
बाप याच डोंगरात आरा चालवायचा.
त्यानेच पाडलेल्या वाटेवरून मी बाईंच्या बॅटऱ्या वाहतो.

काचबेडूक अंगठ्याच्या नखाहून थोडा मोठा.
पान उलटून खालून बघितलं
तर पोटाच्या आत हृदय दिसतं,
लाल टिंब, आपलं काम करत असलेलं.
डराव-डराव नाही त्याचं.
टिक.
मग बराच वेळ नुसते ढग.

ते टिक आता बाईंच्या कानांच्या वर गेलंय.
पाणी ऐकू येतं, मी ऐकू येतो,
खाली घाटात गिअर बदलणारा ट्रकसुद्धा.
बारीक तेवढं चाळणीतून गळून गेलं.
बत्तीस वर्षं ऐकलं, म्हणतात, पुष्कळ झालं.
आणि पेन्सिल वहीवर टेकवून विचारतात:
‘विल्मर, वाजतोय का?’

पहिल्या पावसाळ्यात वाजायचा.
दुसऱ्यात, तेरा नंबरला, नव्हता.
मी हो म्हणालो.
त्या दिवशी त्या तीनदा घसरल्या होत्या,
थर्मासमधली कॉफी सगळी दगडांनी प्यायली होती,
आणि ‘नाही’ एवढा शब्द
एवढ्या चढावर मला उचलवेना.
एकदा हो म्हटलं की पुढचे हो
आपोआप चालत येतात.

झाडाला बांधलेलं यंत्र रात्रभर ऐकतं
आणि ऐकलेल्याचं चित्र काढतं.
एका दुपारी बाईंनी ते मला दाखवलं:
तळाशी पाण्याचा करडा पट्टा, वर किड्यांच्या रेघा,
त्याच्याही वर, जिथे टिक हवं, तिथे कोरं.
मग वही उघडली. दोन रकाने.
एकावर ‘यंत्र’, एकावर ‘विल्मर’.
तिकडे शून्य, शून्य, शून्य.
माझ्याखाली दोन, एक, दोन.
पहिल्याच खोट्या रात्रीपासून.

रागावल्या नाहीत.
‘कुणी काय ऐकलं म्हणालं,
हीसुद्धा नोंदच असते,’ म्हणाल्या,
आणि बटाटे सोलायला बसल्या.
मी कानाला खडा लावला.
त्यांनी विचारणंच सोडलं.

फेब्रुवारीत, धुकं टॉर्चला चिकटत होतं तेव्हा,
पाण्याच्या आवाजामागून
टिक.
यंत्राची बॅटरी उतरलेली. चार्ज करायचं काम माझं.
साक्षीला कुणी नाही, आणि माझ्या शब्दाला
वहीत काय भाव होता ते मला ठाऊक.
मी काही बोललो नाही. टॉर्च वर केला.

पानाच्या टोकाला अंड्यांचा लिबलिबीत घड,
शेजारी बाप, राखणीला बसलेला.
बाई गुडघाभर पाण्यात वाकल्या.
त्याचा गळा फुगला.
‘आत्ता?’
‘आत्ता.’
वाट पाहिली. पाय सुन्न झाले.
‘आत्ता?’ त्यांनी विचारलं. गळा हलला नव्हता.
‘नाही.’
‘आत्ता?’
‘नाही, बाई.’
मग फुगला, आणि मी तोंड उघडायच्या आत
त्यांनीच मान हलवली.
वहीत तिसरा रकाना आखला, वाकडा, हात गारठलेले.

खाली केंद्रावर झोपायचं सोडून
त्यांनी काचेचा ग्लास भरून घेतला, चमचा घेतला.
‘असा वाजतो ना अजून?’
‘याहून वर.’
एक घोट प्यायल्या. टिचकी.
‘असा?’
‘अजून वर.’
घोट. टिचकी. घोट.
तिसऱ्या-चौथ्या घोटानंतर त्यांचा चेहरा
ऐकणाऱ्याचा राहिला नव्हता,
तरी चमचा चालूच होता, माझ्याकडे बघत.
ग्लास जवळजवळ रिकामा झाला तेव्हा
मी म्हणालो, ‘हां. हाच.’